हललेलं प्रेत

रविवार, ९ मार्च

ती. अप्पांना नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. खोलीतला पंखा पुन्हा खडखडतोय, पण सोबत राहणारी मैत्रीण म्हणते की त्या आवाजाशिवाय आता तिला झोप लागत नाही, म्हणून राहू दिलाय. आईला गुडघ्याचं विचारलं की 'आहे जागेवर' एवढंच म्हणते. तिला डॉक्टरकडे न्या.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. आईकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा, सावकाश. फोनवर तुम्ही सगळं चेष्टेवर नेता आणि मग मलाही तेच सोयीचं पडतं.

तुम्ही नेहमी विचारता, "मास्तरीणबाई, टीव्ही बघायला कॉलेजात कशाला जावं लागतं?" आज सांगते. आम्हाला शिकवतात की गोष्ट सुरू होते तेव्हा सगळं जागच्या जागी असतं, मग घडी मोडते, आणि शेवटी नवी बसते. तुम्ही काम करता त्या मालिकेत कंदील, घोडागाड्या, लांब कोटातला तपास अधिकारी असं सगळं जुन्या काळातलं असतं, पण घडी मोडायला दर भागात एक प्रेत लागतंच. दुसरं असं शिकवतात की बनवणारा त्यात एक अर्थ घालून पाठवतो आणि बघणारा तो तीन तऱ्हांनी घेतो: आहे तसा, थोडा आपल्या मनासारखा करून, नाहीतर अगदी उलट.

आम्हाला एकेक भाग निवडून त्याला हे सिद्धांत लावायचे होते. मी तुमचा निवडला.

आठवतं ना, तुम्हाला ते काम मिळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "गर्दीतून प्रेतावर बढती मिळाली." इतकी वर्षं पहारेकरी, गाडीवान, कुणाच्यातरी मागे उभा राहणारा माणूस. आता कॅमेरा थेट तुमच्यावर. आई म्हणाली, "हे असलं अभद्र मी बघणार नाही," आणि सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर बसली. आणि तुम्ही मला हळूच सांगितलंत, "शेवटी अधिकारी माझ्यावर वाकतो ना, तेव्हा पोटाकडे बघ. दिग्दर्शक साहेबांच्या लक्षात येणार नाही एवढंच हलवलंय. तुला कळेल."

मला कळलं. लहानपणी तुम्ही चटईवर मेल्याचं सोंग घ्यायचात, मी नाकाखाली बोट धरायची, आणि मी रडवेली झाले की तुम्ही पोट जरासं हलवायचात. घाबरू नकोस, आहे मी, असं.

वर्गात मी सांगणार होते की हे माझे वडील. कागदावर पहिलं वाक्य तेच होतं. ते दृश्य पडद्यावर लावलं आणि मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, मढं जिवंत आहे." सगळा वर्ग हसला. सरांनी मला विचारलं, "याचं काय स्पष्टीकरण?"

मी म्हणाले, "निर्मितीतली चूक. गर्दीतला स्वस्तातला माणूस प्रेत म्हणून झोपवला की असं होतं."

आणि अप्पा, मीही हसले. मोठ्याने, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच.

त्या वर्गात कुणाचे वडील वकील आहेत, कुणाची आई डॉक्टर. त्यांनी मला कधी टाकून बोललेलं नाही. कुणी टाकून बोललं असतं तर निदान तेवढं कारण सांगता आलं असतं. पहिलं वाक्य गाळून मी पुढचं सगळं वाचलं. प्रेत हे पात्र नसतं, गोष्टीची घडी मोडण्यापुरतं लागणारं सामान असतं, असं माझं वाक्य सरांनी फळ्यावर लिहिलं.

एका मुलाने ते फोनवर घेतलं होतं. पडद्यावर तुम्ही, आणि वर्गाचं हसणं. त्याने ते पुढे पाठवलं, ते फिरत फिरत मालिकेच्या लोकांपर्यंत गेलं. त्यानंतर तुम्हाला बोलावणं आलेलं नाही. तुम्ही आईला सांगता की मालिकेत आता गर्दीची दृश्यं कमी आहेत. ती कमी नाहीत, अप्पा. मी दर आठवड्याला बघते. परवाच्या भागात सगळा बाजार भरलेला होता, त्यात तुम्ही नव्हतात.

गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्या तुमच्या ठेकेदाराला मी काल फोन केला. म्हटलं, चूक माझ्या वडिलांची नाही, हे सगळं माझ्यामुळे पसरलं. तो म्हणाला, "ताई, कुणामुळे का असेना, प्रेत हललं ते हललं. वरच्यांना मी काय सांगू?" सरांनाही सांगितलं की ते प्रेत म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "निबंध परत लिही." लिहीन. पण त्याने तुमचं काम परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या तीन तऱ्हांत माझी तऱ्हा कुठेच बसत नाही. तुम्ही अर्थ घातला तो एकाच बघणारीसाठी. तिला तो पुरता कळला. आणि तिने चारचौघांत सांगितलं की यात अर्थच नाही, चूक आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मंगळवारी तुम्हीच मला ती चित्रफीत पाठवलीत. खाली लिहिलंत, 'बघ, बाप फेमस.' मग फोन करून विचारलंत, "त्यात एक मुलगी हसते बघ शेवटी. ऐकलंस का?" मी म्हणाले, "आवाज नीट येत नाही."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. पण फोनही ठेवला नाहीत. थांबलात. तुमचा श्वास मला ऐकू येत होता. मला बोलायला जागा करून देत होतात, हे तेव्हाही कळलं होतं, आणि मी आईच्या गुडघ्याचं विचारलं.

तुम्ही माझं हसणं ओळखलंत. मी लहान असल्यापासूनचं ते तुमच्या कानात आहे, तुम्हाला कसं चुकेल.

ती मुलगी मीच, अप्पा.

'तुमची मास्तरीण' असं लिहायला आज हात धजत नाही. शनिवारी घरी येते. दार उघडाल तेव्हा आधी तुम्ही काही बोलू नका, मला बोलू द्या.

हसलेली,
तुमचीच