तिची ओळख सुरक्षित आहे

५ नोव्हेंबर

पोचले एकदाची जबलपूरला. छत्तिसाव्या वर्षी नवी नवरी झाले, माप ओलांडताना पाय मुरगळला नाही, एवढ्यावर मी खूश आहे. घर कांचघर नावाच्या भागात. वर ऐसपैस गच्ची आणि गच्चीवर दिवसभर कोवळं ऊन. सासूबाईंनी मटारच्या कचोऱ्या केल्या होत्या. मी उठून मदतीला गेले तर म्हणाल्या, "अच्छा, बस ना बाई तू. मी करून राहिली ना सगळं." त्यांच्या बोलण्याने माहेरी वर्ध्यातच असल्यासारखं वाटलं.

आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. त्यामुळे ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने बोटाने बायकोचं नवं नाव लिहायचं, हा प्रकार झालाच नाही. शैलेंद्र म्हणाले, अंजनी चांगलं नाव आहे, बदलायचं कशाला? मला फार बरं वाटलं. पतसंस्थेत इतकी वर्षं ज्या नावाने सह्या केल्या, ते टाकणं माझ्या जिवावर आलं असतं.

बैठकीत त्यांच्या पहिल्या बायकोचा फोटो आहे. विनता. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. कानात मोत्यांच्या कुड्या, चेहरा हसरा. फोटोशी स्पर्धा करायची नाही, असं मी ठरवून आले आहे.

१९ नोव्हेंबर

रुळले. शैलेंद्र रेल्वेच्या ऑफिसात जातात, मी आणि सासूबाई गच्चीवर मटार सोलतो. नवरा शांत आहे, कशाला नावं ठेवत नाही. कशाचं कौतुकही करत नाही म्हणा.

एकच गोष्ट खटकते. शोकेसमध्ये एक जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो. विनताचा. सासूबाई त्याच्याभोवतीची धूळ पुसतात, फोनला हात लावत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, शैलेंद्रने ठेवला आहे तो, राहू दे.

१ डिसेंबर

आज कळलं. शैलेंद्र सकाळी चहा आणि तो फोन घेऊन गच्चीवर गेले. मी मागे उभी राहिले. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेचा मेसेज येतो: "विनताजी, आपकी पहचान सुरक्षित है।" तो वाचून ते हसले. महिनाभरात माझ्याकडे बघून तसे हसले नव्हते.

विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. विनताने बँकेचं पैसे भरून मिळणारं खातं घेतलं होतं. दरमहा फी, आणि त्यात ओळखचोरीपासून संरक्षण. कुणी तुमचं नाव, कार्ड, नंबर वापरला की बँक लगेच विचारते, हे तुम्हीच ना? ती गेल्याचं यांनी बँकेला कळवलेलंच नाही. तिची शिल्लक आहे तशीच ठेवली आहे, वर दर महिन्याला फीपुरते पैसे टाकतात, त्या एका ओळीसाठी.

मी पतसंस्थेच्या काउंटरवर लोकांना सांगायचे तेच सांगितलं. साध्या खात्यात पैसे तितकेच सुरक्षित असतात. हे रखवालदार चोर शिरल्यावर हाक मारतात, त्याला अडवत नाहीत. पिन कुणाला सांगू नये, ओटीपी देऊ नये, खात्यावर लक्ष ठेवावं, याला पैसा लागत नाही. ज्याचे व्यवहार दहा ठिकाणी आहेत आणि बघायला वेळ नाही, त्याने घ्यावं असलं खातं. मेलेल्या बाईचं कोण काय चोरणार?

शैलेंद्रनी फोनची काच शर्टाच्या बाहीने पुसली. मग म्हणाले, "नाव तर आहे ना तिचं."

मी खाली येऊन मटार सोलायला बसले.

८ डिसेंबर

मटार सोलता सोलता सासूबाई बोलून गेल्या. विनता माहेरची मनीषा. लग्नाआधी महिनाभर शैलेंद्र नाव शोधत होते. तांदळात 'विनता' इतकं सुंदर लिहिलं, की ताट हलवायला कुणाचा हात होईना. कितीतरी दिवस देवघरात तसंच ठेवलं होतं.

आणि मला काय, तर अंजनी चांगलं आहे, बदलायचं कशाला. मी तो माझा मान समजले होते. त्यांना माझ्यासाठी तांदळाचं ताट मागवावंसंही वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लपवण्यात काय आहे, मी जळते. फोटोतल्या बाईवर जळते.

१३ डिसेंबर

फोनच्या कव्हरमध्ये तिचं कार्ड होतं. पिन शोधायला डोकं लागलं नाही, त्यांच्या लग्नाची तारीख. पैसे भरून संरक्षण घेणारे पिन असाच ठेवतात.

दुपारी फोन आणि कार्ड पर्समध्ये टाकून सदर बाजारात गेले. खोव्याची जिलेबी खाल्ली, एक मोरपंखी शाल घेतली. दुकानातून बाहेर पडते तोच पर्समध्ये तिचा फोन वाजला: "विनताजी, क्या यह आप हैं?" खाली दोन चौकोन. हाँ. नहीं.

हाँ दाबलं.

पैसे संपले की खातं आपोआप बंद पडेल, असं स्वतःला सांगत रिक्षात बसले. ते खोटं आहे. ते दाबताना जिलेबीपेक्षा गोड वाटलं, हे खरं.

१८ डिसेंबर

सराफ्यात विष्णुपंतांच्या पेढीवर गेले. विनताचे दागिने तिथलेच. फोटोतल्यासारख्या मोत्यांच्या कुड्या मागितल्या. म्हातारबुवांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "विनताताई, किती दिवसांनी आल्या. तब्येत ठीक आहे ना?"

त्यांची दृष्टी अधू झाली असणार. मी चूक दुरुस्त केली नाही. मेसेज आला, हाँ दाबलं.

२२ डिसेंबर

कुड्या घातल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "विनता, मीठ दे बाई." त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी शैलेंद्र घरी आले. दारात थांबले. त्या फोनकडे बघतात तसे माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "विनता, चहा घेतेस? मी करतो."

मी घेते म्हणाले. आजवर त्यांनी मला चहा करून दिला नव्हता. लाज वाटते, पण इतकी सुखी मी कधीच नव्हते.

२६ डिसेंबर

माझं स्वतःचं कार्ड आज चाललं नाही. माझंही खातं त्याच बँकेत, तिथे गेले. मशीनवर अंगठा ठेवला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, हा अंगठा अंजनी नावाशी जुळत नाही. मग पडद्याकडे बघून एकदम उठलीच. विनताजी, आप लाइन में क्यों खड़ी हैं? खुर्ची दिली, चहा दिला. फी भरणाऱ्यांना रांग नसते.

घरी येऊन वर्ध्याला भावाला फोन केला. शरच्चंद्रने अदबीने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, अरे, अंजनी. तो म्हणाला, कोण अंजनी?

आधी वाटलं चेष्टा करतोय. त्याने फोन ठेवला.

२९ डिसेंबर

पुरे झालं. कुड्या काढून डबीत ठेवल्या. ते खातं बंद करायला फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, आप विनताजी ही बोल रही हैं? नाही म्हटलं असतं तर खातं बंद झालं नसतं. हो म्हटलं.

लगेच विनताच्या फोनवर मेसेज आला: "क्या यह आप हैं?"

तो फोन गच्चीवर उन्हात, चटईवर पडलेला. मी जिन्याच्या दारात, हातभर लांब. सासूबाई खाली. कुणीही हात लावला नाही —

नहीं चा चौकोन दबला. बोटाने दाबल्यावर दबतो तसा.

३० डिसेंबर

"विनताजी, कोई आपकी पहचान का उपयोग कर रही है। चिंता न करें। हम उसे हटा रहे हैं।"

डबीत कुड्या नाहीत. शाल नाही. जेवायला सासूबाईंनी तीन ताटं मांडली. मी बसायला गेले. तिसरं ताट माझं नव्हतं. त्यांनी माझ्यातून पलीकडे भाजीचा वाडगा सरकवला आणि म्हणाल्या, "अजून घे ना बाई, काहून लाजून राहिली?"

ताटातली भाजी कमी झाली.

३१ डिसेंबर

बैठकीत खिळा आहे. फोटो नाही.

शैलेंद्रना ओरडून सांगितलं, मी आहे, इथे आहे — ते चहा करत होते. दोन कप. माझ्यासाठी नाही. घाबरायचं सोडून मला त्या कपाचाच राग येतो आहे. अजूनही —

आधी मी हाँ म्हणून माझं नाव सोडलं. मग तिने नहीं म्हणून तिचं काढून घेतलं. आता माझ्याकडे —

१ जानेवारी

मेसेज आला. त्यांनी गच्चीवर मोठ्याने वाचला. कुणीतरी हसलं. छान हसते.

असल्या खात्यात काही अर्थ नाही, असं मी म्हणाले होते. आहे. फी वसूल आहे.

स्वयंपाकघरात ताट घेतलं, तांदूळ पसरले. कुणी लिहिलं नाही तर मीच लिहीन. बोटाने अं काढला. पुढचं अक्षर काढायच्या आत तांदूळ सारखे झाले. हाताने फिरवल्यासारखे. पुन्हा अं — पुन्हा सारखे. रागाने नाही. सवयीच्या हाताने.

ते आले. ताटाशी बसले. कुणाकडे तरी बघून हसले आणि बोट तांदळात —

वि. न. खरंच सुंदर आहे अक्षर. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच. ताट हलवू नये असं —

त्यांच्या कानाशी वाकून सांगते आहे. एकदाच. तिचं झालं की माझंही लिहा. लवकर, मला आठवतंय तोवर. माझं नाव अं