डाळिंबाच्या रसातली निष्ठा

३ सप्टेंबर, सकाळ

तल्ल-रुम्मानच्या बंधू-भगिनींनो! तुमचं नि माझं दुःख एकच आहे. महानेते देशातल्या गावोगाव गेले. पलीकडच्या ऐन-दुब्बात तर दोनदा गेले, जिथे धड विहीरसुद्धा नाही! आणि आपल्या गावाला? आपल्या गावाला त्यांच्या मोटारीची धूळसुद्धा मिळाली नाही!

(इथे थांबायचं. मूठ वर. टाळ्या.)

आरशासमोर प्रॅक्टिस केली. आवाज उत्तम. ‘धूळसुद्धा’ला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्या, हासिबाच्या, नाही आलं. भेंडी चिरत होती. म्हणाली, धूळच हवी असेल तर माळ्यावर हवी तेवढी आहे. त्या म्हाताऱ्याला आणायचं नंतर बघा, आधी माझ्या भावाला आणा.

हा विषय रोज निघतो. तिचा भाऊ तैसीर, म्हणजे गावचा न्हावी, वसंतापासून चौकशीसाठी आत आहे. कारण किरकोळ. दुकानात महानेत्यांचं यंदाचं चित्र टांगताना तो म्हणाला, की म्हातारा दर वर्षी तरुण होत चाललाय, असंच चाललं तर लवकरच त्याची दुपटी आपल्याला धुवावी लागणार. गिऱ्हाइकं साबण लावलेल्या तोंडांनी हसली. मी हसलो नाही. मी खोकलो.

पुढच्या सभेत मी तो विनोद फक्त उदाहरण म्हणून सांगितला. शत्रूचा प्रचार घराघरात कसा शिरतो, हे दाखवायला. नाव घेतलं नव्हतं. ‘माझा मेहुणा’ एवढंच म्हणालो. मला मेहुणा एकच आहे, हा काही माझा दोष नाही.

निश्चय: वर्ष संपायच्या आत महानेते गावात आणि तैसीर घरात.

९ सप्टेंबर

संधी! प्रांताच्या पक्ष-ऑफिसातून मला, गावच्या पक्ष-सेक्रेटरीला, हुकूम आला. महानेत्यांच्या मागे गादी थोरले चिरंजीव मुंझिरसाहेब यांची. आपल्याकडे जनतेचं राज्य असल्यामुळे ही मागणी जनतेने करायची आहे. गुरुवारपर्यंत.

प्रत्येक गावाने पांढऱ्या कापडावर मधोमध मुंझिरसाहेबांचं नाव लिहायचं, भोवती रक्ताने अंगठे उठवायचे. सर्वांत उत्साही गावाची शपथ घ्यायला गव्हर्नर जातीने येणार. आणि आपली जुनी रीत अशी, की शपथ देणाऱ्याने एक मागणं मागायचं, घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही.

एक मागणं! हासिबाला सांगितलं. कित्येक महिन्यांनी माझ्या चहात साखर पडली.

१४ सप्टेंबर

गाव उत्साही आहे. उत्साह दाखवत नाही, एवढंच.

वाणी अबू कासिम म्हणाला, उस्ताद, बापाच्या वेळी रक्त दिलं तेव्हा घरटी साखर वाटली होती. पोराच्या वेळी काय? मी म्हणालो, मान. तो म्हणाला, मान सुटा मिळतो का पोत्याने?

सुई टोचायला सुईण उम्म दरवीश होती. पहिला अंगठा अर्थातच माझा. उन्हाचा तडाखा होता, त्यामुळे मी थोडा वेळ जमिनीवर बसलो. आडवा. शुद्धीवर आलो तेव्हा रांग गायब. उम्म दरवीश मोठ्याने सांगत होती, की अर्ध्या गावाची बाळंतपणं मी केली, पण टोचायच्या आधीच केकाटणारं बाळ आज पहिल्यांदा पाहिलं.

अशिक्षित बाई. सोडून दिलं.

१५ सप्टेंबर

तोड सापडली. गाव डाळिंबांचं, मोसम डाळिंबांचा. रक्त लाल, रस लाल. निष्ठा मनात असते, ती अंगठ्यात कशाला शोधायची? कल्पना माझी. (उम्म दरवीश म्हणते तिची.)

पक्षाच्या ऑफिसात परात भरून रस ठेवला. काय गर्दी! म्हातारे आले, बायका आल्या, पोरांनी दोन्ही हातांचे अंगठे उठवले. अंगठा उठवायचा आणि चाटायचा. लोकांनी इतक्या आवडीने निष्ठा चाटलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

संध्याकाळी ऐन-दुब्बाचा सेक्रेटरी आला होता. आमचं कापड बघून त्याचं तोंड पडलं. त्याच्याकडे खरं रक्त, म्हणून चारच अंगठे.

२२ सप्टेंबर

गव्हर्नर आमच्याच गावी येणार! तारीख ११ ऑक्टोबर.

कापड किंचित तपकिरी पडलंय. मुंग्याही लागल्या. रांग शिस्तीची होती, पक्षाच्या सभासदांनी शिकावं अशी. पावडर मारली.

मुंझिरसाहेबांचं चित्र आलं. भारदस्त. अबू कासिम निरखून म्हणाला, उस्ताद, हा गेल्या वर्षीचा बापच आहे, टोपी तेवढी काढलीय. मी म्हणालो, मुलगा बापासारखा दिसणारच. तो म्हणाला, हो, पण बापाची चामखीळ पण?

अबू कासिमला माझी थकलेली उधारी पचलेली नाही. त्यामुळे बोलतो.

३० सप्टेंबर

रेडिओवर बातमी. मुंझिरसाहेब प्रकृतीच्या कारणाने परदेशी रवाना. पुन्हा येणार नाहीत. अबू कासिमच्या मते प्रकृतीचं कारण असं, की बाप खुर्चीत बसलेला असतानाच ते तीत बसायला गेले.

गादी आता धाकटे चिरंजीव वस्फीसाहेब यांची. परवापर्यंत ते सरकारी तबेले सांभाळत. घोडे पळून गेले, पण त्यात घोड्यांची चूक होती. मी पहिल्यापासून वस्फीसाहेबांचाच. मनातून.

नवं चित्र आलं. तेच चित्र, चष्मा लावलेला. या वेळी अबू कासिमने नुसतं चष्मा पुसल्यासारखं केलं. लोक हसले.

अडचण एकच. कापडाच्या मधोमध मुंझिर, हातभर उंचीच्या अक्षरात.

२ ऑक्टोबर

हासिबा मधला तुकडा कापून वस्फीसाहेबांचा तुकडा शिवून द्यायला तयार झाली. अट घातली: मागणं तैसीरचं, दुसरं कशाचंही नाही. मी कुराणावर हात ठेवून कबूल केलं.

शिवताना तिने एकदाही मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, थंडी सुरू होईल, त्याच्या अंगावर उन्हाळ्यातलाच सदरा आहे.

(एकच मागणं दोन भागांत मागता येईल का? बघितलं पाहिजे.)

७ ऑक्टोबर

घोषणेची प्रॅक्टिस. मी ओरडायचं: प्राण देऊ, रक्त देऊ! गावाने ओरडायचं: वस्फी, तुझ्यासाठी! गेले कित्येक दिवस मीच त्यांच्याकडून मुंझिर घटवून घेतला, त्यामुळे जिभा तिकडे वळतात. माझी नाही. हासिबा म्हणाली, तळहातावर लिहून ठेवा. मी हसलो. वक्त्याला चिठ्ठी लागत नाही.

निश्चय: चहाच्या घोटाघोटाला वस्फी म्हणायचं.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

कार्यक्रम झाला. एकंदरीत यशस्वी.

माइक उत्तम होता. गव्हर्नरसाहेबांनी कापड हातात घेतलं. त्यांच्या बाहीत मुंग्या गेल्या, पण फार नाही. भाषणात मी रंगलो. ‘धूळसुद्धा’ला टाळी पडली. मग घोषणा. प्राण देऊ, रक्त देऊ, मुंझिर, तुझ्यासाठी!

सबंध गावाने एका आवाजात साथ दिली. मुंझिर! मुंझिर! एवढा उत्साह मी या लोकांत कधी पाहिला नव्हता. अबू कासिम बाकावर चढला होता. गव्हर्नरसाहेबांनी दोन्ही हात वर केले, तो आम्हाला इशारा वाटला आणखी जोरात ओरडण्याचा. आम्ही ओरडलो.

शेवटी घसे बसले. गव्हर्नरसाहेब हळू आवाजात म्हणाले, उस्ताद, तुमचं मागणं काय ते उरकून घ्या.

बायकांच्या रांगेत हासिबा उभी राहिली. मला दिसली. तोंडाशी नाव आलंही होतं. पण समोर सारं गाव, हातात माइक. अशा वेळी माणसाने घरचं गाऱ्हाणं काढायचं? मी मागितलं, की महानेत्यांनी एकदा आमच्या गावी यावं.

गव्हर्नरसाहेब हसले. म्हणाले, त्यांना कशाला तसदी? तुम्हीच चला, उस्ताद. गाडी आहे.

राजधानीचं बोलावणं! जीप दाराशी उभी आहे. दोन माणसं पाठवलीत, फार लक्ष ठेवून आहेत. हासिबाला म्हणालो, इस्त्रीचा सदरा काढ. तिने दोन लोकरी सदरे बांधले, वर भाकरी ठेवली. म्हणाली, एक तैसीरला द्या.

बायकांना राजकारणातलं कळत नाही.

तारीख माहीत नाही. दुपार. शुक्रवार असावा, बांग ऐकू आली

सिगरेटच्या पाकिटावर लिहितोय. पेन्सिल तैसीरची. तो इथे पहारेकऱ्यांची दाढी करतो, म्हणून त्याला पेन्सिल मिळते.

मी आत ढकलला गेलो तेव्हा तो म्हणाला, या दाजी, फार वाट बघायला लावलीत. सदरा दिला. त्याने बाह्यांना नाक लावलं, बराच वेळ. मग विचारलं, ताईने मला न्यायला पाठवलं होतं ना तुम्हाला? मी भाकरी पुढे केली. त्याने ती मोडून घेतली.

हासिबाने डबा पाठवला. त्यात तैसीरचा वाटा मोठा आहे. माझ्या वाट्यात भेंडी आहे, साखर नाही.

भिंतीवर चित्र इथेही आहे. काल बदललं. चष्मा काढलाय. वस्फीसाहेबांची प्रकृती बिघडली असावी. तैसीर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होता. म्हणाला, बघा दाजी, म्हातारा परत आला, मागच्यापेक्षा लहान होऊन. दुपट्यांच्या तयारीला लागा.

सगळी कोठडी हसली. मीही हसलो. खोकलो नाही.

जागा फार कमी. आम्ही एका ओळीत कुशीवर झोपतो, एकजण वळला तर सगळ्यांना वळावं लागतं. माझा उजवा खांदा मेलाय. कुणी ऐकेना, म्हणून शेवटी मी पडूनच भाषण केलं. मूठ वर करायला जागा नव्हती.

बंधूंनो! तुमचं नि माझं दुःख एकच आहे. त्याचं नाव त्या भिंतीवर टांगलंय, टोपी घाला नाहीतर चष्मा लावा. त्याच्यासाठी मी उभं आयुष्य तुम्हाला ओरडायला लावलं. आज त्याच्यासाठी काही मागत नाही. एकच करा, आणि एकदम करा: डाव्या कुशीवर वळा.