चिमणीचं जेवण

मुलांच्या आईस,

परदेशात लेकाकडे नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी सिस्टरांच्या बालगृहात मुलांना जेवू घालायला जातो. तिथली एक लहानगी, मी तिला चिमणी म्हणतो, फक्त माझ्याच हातून जेवायची. काल सिस्टर रागावल्या, "आजोबा, रविवारी तुम्ही विमानात बसाल. मग हिला कोण भरवणार?"

आज प्रार्थना झाल्यावर मी मुद्दाम लांब बसलो आणि आपले सगळे देव पाण्यात घातले. चिमणीनं मला शोधलं, ओठ काढला, मग स्वतःच चमचा उचलून ताट साफ केलं. सिस्टर हसल्या. मीही हसलो.

घरी मात्र मला घास उतरेना. सुनेला सांगितलं, पोट बिघडलंय. फोनवर तुलाही तेच सांगणार, म्हणून हे पत्र धाडत नाही.

तुझाच,
घाबरट म्हातारा