लाल लोकरीची गाठ

हामसुम, ९ जानेवारी १९९६

चि. विब्के हिस आजीचे अ. आ.

वि. वि. तुझ्या आईने ऑफिसातल्या कुणाच्या गाडीतून पाठवलेली पेटी काल दारात उतरली. गाडीवाला चहालासुद्धा थांबला नाही. शॅमेलिऑन म्हणे! उघडून बघते तर सरडा. एक डोळा माझ्याकडे, दुसरा चुलीकडे. असं बघणारा आजवर मी एकच पाहिला, आमचा जुना पाद्री, वर्गणीची थाळी फिरताना.

वाडग्यात दूध-पाव कुस्करून ठेवला, तर ढुंकून बघितलं नाही आणि काळाठिक्कर पडला. शेजारचा हिन्नेर्क म्हणाला, थेडा, तुझं तोंड बघून पडला असेल. मी म्हटलं, तुझी बायको इतकी वर्षं तुझं तोंड बघते आहे, तिचा रंग बघ आधी.

तो काय खातो, काय पितो, सगळं कळव. अक्षर मोठं काढ, मी चौथीपर्यंतच शिकले आहे. फोन नको. तुझी आई फोन मध्येच आपटते. पत्र फाडायचं तर निदान हातात घ्यावं लागतं. आमच्या दोघींच्या भांडणापायी तीन वर्षं तू इकडे आली नाहीस. तुझ्याऐवजी सरडा आला. भागवून घेते.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर परत पाठवणार नाही.
तुझी आजी थेडा

हानोफर, १४ जानेवारी १९९६

ती. आजीस विब्केचा शि. सा. न.

दूध अजिबात नाही!! आणि त्याचं नाव सरडा नाही, ओट्टो आहे. बाबा घर सोडून गेले तेव्हा त्यांनी मला दिला. माझा पहिलाच प्राणी आहे, म्हणून मी वाचनालयातून पुस्तक आणून सगळं शिकले.

तो वाडग्यातून पीत नाही. पानांवर फवारा मारायचा, मग तो थेंब चाटतो. जिवंत रातकिडे खातो, पण आधी ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळायचे, नाहीतर त्याची हाडं वाकतात. पेटीतला उन्हाचा दिवा दिवसभर लावायचा आणि रात्री बंद करायचा. उगाच हातात घ्यायचं नाही, त्याला आवडत नाही. काळा पडला म्हणजे घाबरला किंवा त्याला थंडी वाजते. पेटी जाळीची आहे, म्हणून गार वारा अजिबात लागू द्यायचा नाही. आजी, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही तिकडे सारख्या खिडक्या उघडता, आई सांगते.

घरमालक इथे प्राणी ठेवू देत नाही. ईस्टरला आम्ही नव्या घरात जाणार, तेव्हा मी स्वतः त्याला न्यायला येईन. आठवडाभर राहीन. आईने कबूल केलं आहे. तोपर्यंत त्याला जगव.

माझ्यावर आणि ओट्टोवर सारखाच लोभ कर.
तुझी विब्के

हामसुम, १८ फेब्रुवारी १९९६

चि. विब्के हिस अ. आ.

तुझा ओट्टो मजेत आहे. माझ्यापेक्षा बरा आहे. त्याला मी स्वयंपाकघरात ठेवलं आहे, चुलीपासून लांब पण उबेत. सकाळी फवारा मारते तेव्हा आधी रागावतो, मग पानावरचा थेंब असा चाटतो जसा काही मी चोरून आणला आहे. रातकिड्यांची डबी एकदा हातातून सुटली. अर्धे चुलीमागे गेले आणि तिथे गात बसतात. हिन्नेर्क म्हणतो, थेडा, तुझ्या घरात कोणी गातं हे गाव पहिल्यांदाच ऐकतंय.

वाऱ्याचं तू लिहिलंस. अगं, खिडक्या सताड उघडून घराला हवा दाखवल्याशिवाय इथे दिवस सुरू होत नाही. बर्फ असो, वादळ असो, पाच मिनिटं उघडायच्या आणि बंद करायच्या. न उघडणाऱ्या बाईला लोक घाणेरडी म्हणतात. तरी आता बाकीच्या खोल्या उघडते तेव्हा स्वयंपाकघराचं दार घट्ट लावते. आणि माझ्याच हाताचा भरवसा नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीची मूठ लाल लोकरीने करकचून बांधून टाकली आहे. खिडकीच्या काचेला वाफ धरते, बायका येता-जाता बघतात. बघू देत.

काल मी चष्मा लावून त्याच्यासमोर विणत बसले होते. तो हिरवागार झाला, अंगावर पिवळे पट्टे. हात लावायचा नाही, नुसतं समोर बसायचं. असलं नातं मला जमतं.

तुझी खोली झटकून ठेवली आहे. पलंग छोटा पडेल बहुतेक, तू वाढली असशील.

ईस्टरपर्यंत लोभ जपून ठेव, आलीस की मोजून घेईन.
तुझी आजी थेडा

हानोफर, २० मार्च १९९६

ती. आईस इम्केचा सा. न.

विब्के तुझी पत्रं मला वाचून दाखवते. जेवताना ओट्टो, झोपताना ओट्टो. नवऱ्याचं सगळं सामान मी घराबाहेर काढलं, पण तो प्राणी आहे तोवर येर्ग घरातून गेलाच नाही असं वाटतं. दर रविवारी तो फोन करतो, ओट्टो कसा आहे विचारतो, आणि पोरगी त्याच्याशी तासभर बोलते. मी कशी आहे हे दोघंही विचारत नाहीत.

तू तिचे इतके लाड करशील असं वाटलं नव्हतं. माझे कधी केले नाहीस.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या, मी एकटीच येईन. आपण दोघी बोलू. तिला आत्ताच काही सांगू नकोस.

लोभ असला तर कळव, मला कधी कळला नाही.
इम्के

हामसुम, ३ एप्रिल १९९६

चि. विब्के हिस अ. आ.

वाईट बातमी आहे, ती फिरवून सांगायची कला मला येत नाही. ओट्टो गेला. आज पहाटे.

रविवारी मी सवयीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि विसरून चर्चला गेले. समुद्राचा वारा होता. आले तेव्हा तो काळा पडून फांदीला चिकटून बसला होता. मग तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, छातीत घरघर. डॉक्टरला बोलावलं, त्याने सुई दिली. खाल्लं नाही. शेवटी फांदीवरून खाली पडला, मी हातात घेतला. त्याला आवडत नाही हे माहीत होतं, तरी घेतला.

अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पुरला आहे. यायचं असेल तर ये. पलंग तसाच आहे.

लोभाचं तूच ठरव.
आजी

हानोफर, ६ एप्रिल १९९६

आजी,

मी सगळ्यात महत्त्वाचं म्हणून एकच गोष्ट लिहिली होती.

आणि तू म्हणालीस लोकर बांधली आहे. करकचून. मग गाठ कशी सुटली? तू बांधलीच नव्हतीस. तू खोटं लिहिलंस, मला बरं वाटावं म्हणून. बाबा म्हणाले म्हाताऱ्या माणसांवर प्राणी सोपवायचा नसतो.

मी येणार नाही. ईस्टरला नाही आणि सुट्टीतही नाही. मला पत्र पाठवू नकोस, मी उघडणार नाही.

विब्के

हामसुम, ९ एप्रिल १९९६

चि. इम्के हिस,

काल तू फोन करून म्हणालीस, आई, तू स्वतःवर घेतलंस, थँक्स. मी फोन ठेवला. आपल्या दोघींत पहिल्यांदा मी ठेवला.

म्हणून आता हे लिहिते, एकदाच.

रविवारी तू म्हणालीस की सवयीने उघडली, तूच शिकवलंस. शिकवलं खरं. पण मी पाच मिनिटं शिकवली होती. मी चर्चला निघाले तेव्हा ती खिडकी बंद होती. परत आले तेव्हा सताड उघडी, पडदा बाहेर फडफडत होता, आणि पेटी तू खिडकीशी सरकवलेली. तू टेबलाशी चहा घेत बसली होतीस. कोट घालून, इम्के. तुला थंडी वाजत होती.

माझी लाल लोकर टेबलावर होती. नीट सोडवून, गुंडाळून ठेवलेली. सवयीने खिडकी उघडते. गाठ सवयीने सुटत नाही.

येर्गचा राग येर्गवर काढायचा होता. माझा राग माझ्यावर. त्या मुक्या जिवाला तुझ्या घरचं काय माहीत होतं?

पोरगी विचारते, गाठ कशी सुटली. मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. तिला तुझ्या हातचं जेवायचं आहे, तुझ्याशेजारच्या खोलीत झोपायचं आहे. माझा राग तिला लांबून करता येतो. तुझा कुठे जाऊन करेल? तिला बाहेरून कुठून कळलं तर ते तुझं नशीब, माझ्याकडून कळणार नाही.

तू लिहिलं होतंस की मी तुझे लाड कधी केले नाहीत. हा एक केला. दुसरा मागू नकोस.

रातकिडे अजून चुलीमागे गातात, खायला कोणी नाही. मूठ मोकळी आहे. आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. पाच मिनिटांनी बंद केली.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. तो सगळा त्या पोरीवर खर्च कर.
तुझी आई