मशीनला शिवलेलं झालरीचं कव्हर

आबा, तुमचा तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर गेल्या आठवड्यात मी कानाला लावला. समोर तुमच्या कंपनीतला कंप्रेसर नव्हता, माझ्याच उशाशी ठेवलेलं एक मशीन होतं. मी घोरते, आबा. थेट तुमच्या पट्टीत घोरते. घोरता घोरता श्वास अडकतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो, असं रात्रभर चालतं म्हणे. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दुकानातून हे मशीन आणलंय. नाकावर मास्क बांधायचा, त्याला नळी जोडायची, आणि नळीतून मशीन हवा ढकलत राहतं, घसा मिटू देत नाही. पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू पायलट दिसतेस." आमचे हे म्हणाले, "पायलट कसली, टँकरला पाईप जोडल्यावानी दिसतंय."

दवाखान्यात जायची वेळ का आली तेही सांगते, तुम्ही रागावणार असलात तरी. शाळेतून घरी येताना, नगर रस्त्यावर, भर दुपारी मला स्कुटीवर डुलकी लागली. मागे लेक बसलेली. तिने पाठीत बुक्की मारली तेव्हा गाडी रस्ता सोडून बाभळीकडे निघाली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण घरी आल्यावर मी चावी यांच्या हातात दिली आणि पुन्हा मागायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणी घोरायचं का? मला हसूच आवरेना. तुम्ही कुरकुंभच्या कंपनीतून नाईट करून यायचात, सकाळी न्याहारी करून आडवे व्हायचात, आणि बांधापलीकडचे मेंढरंवाले मामा तिथूनच विचारायचे, "आबा आलं व्हय ड्युटीवरनं?" डॉक्टर मात्र हसले नाहीत. दिवसा बसल्या जागी झोप लागायची का, हेही त्यांनी विचारलं. लागायची, म्हटलं. त्यांनी मान हलवली. तुम्हाला आळशी, झोपाळू म्हणणारे आम्ही सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेलो.

मशीन पंधरा दिवस वापरून बघा, नाही जमलं तर परत करा, असं ठरलं होतं. पहिल्या दोन रात्री गुपचूप होतं. तिसऱ्या रात्रीपासून ते जे घरघरायला लागलं, ते आमच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीलाही मागे टाकेल. यांनी गादी उचलून हॉलमध्ये नेली. सकाळी म्हणाले, "तू घोरायचीस ते बरं व्हतं. त्यात चढउतार तरी असायचा." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मशीन नवं आहे, बिघडणारच नाही. आवाजाने मीही झोपेना, मास्क काढून ठेवू लागले, दिवसा पुन्हा पेंगू लागले. सोमवारी मशीन परत द्यायचं मी ठरवलं. म्हणजे स्कुटी कायमची बंद, आणि पुन्हा कुठे केव्हा डोळा लागेल याची धास्ती आहेच.

रविवारी दुपारी मशीन खोक्यात भरायला घेतलं आणि तुमची आठवण झाली. तुम्ही गेल्यावर हत्यारांची पेटी दादाकडे गेली, मी हा स्क्रूड्रायव्हर तेवढा मागून घेतला होता. तो कपाटातून काढला तर तुम्ही गुंडाळलेल्याच कापडात होता. कापड उलगडलं आणि त्यावरचा मोर ओळखला.

खंडेनवमीचा दिवस आहे. यंत्रांची पूजा म्हणून कंपनीत घरच्यांना आत सोडलंय. मी बारावीत. तुमच्या कंप्रेसरसाठी पंधरा दिवस खपून मी कव्हर भरलंय, कडेने झालर, मध्ये मोर. झेंडूच्या माळेआधी ते मी कंप्रेसरवर नीट ओढून बसवते. आरती होते. यंत्र सुरू करायची वेळ येते आणि तुम्ही सगळ्यांदेखत ते कव्हर खेचून काढता. "सजावट मागनं. आदी ह्या मशिनीला श्वास घिऊ दे. झाकलं की गुदमारती, आन् गुदमारली की वरडती." माझे डोळे भरून येतात. मग तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू यंत्राला टेकवता, मूठ माझ्या कानाशी धरता. "काय म्हनतीय?"

"घरघर करतीय."

"घरघर न्हाई ती. सुखानं चाललीय म्हनतीय. बिघडली की खरखरती, तवा वळखायचं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या मोराच्या कव्हरात तुम्ही पुढे कायम हा स्क्रूड्रायव्हर गुंडाळून ठेवलात, हे मला त्या रविवारी कापड हातात आल्यावर कळलं.

आणि आता समोर माझं मशीन होतं. त्यावर, टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनला असतं तसंच, मी हौसेने शिवलेलं कव्हर. झालरीसकट. तिसऱ्या दिवशी चढवलेलं. मागची हवा ओढायची जाळी त्यात पुरती झाकून गेलेली. आबा, एवढी शिकलेली मी, दोन्ही वेळा तीच चूक केली. आधी कव्हर तसंच ठेवून मशीन चालू केलं आणि स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. खरखर नव्हती, नुसती धाप होती. कव्हर काढलं. मशीन दोन क्षणांत शांत झालं. त्या दुपारी मी मास्क लावून चहाची वेळ होईपर्यंत झोपले. आता आठ दिवस झाले. हे गादी घेऊन परत आलेत आणि आवाज नाही म्हणून त्यांना झोप लागत नाही. काल मी स्कुटीची चावी मागून घेतली.

हे पत्र मोराच्या कापडात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण एक सांगायचं राहिलंय. माझ्या लग्नात तुम्ही नाईट करून थेट कार्यालयात आलात आणि पहिल्या पंगतीला खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागलात. मी तुम्हाला बोलावून म्हटलं, "आबा, सासरची माणसं नावं ठेवायला लागलीत. टेम्पोत जाऊन झोपा." तुम्ही टोपी सारखी केलीत, "व्हय, चुकलं माजं," म्हणालात आणि निघून गेलात. त्यानंतर शिरूरला आमच्याकडे किती वेळा आलात, पण मुक्कामाला एकदाही राहिला नाहीत. चहा घेऊन दुपारच्या एसटीने परत. आईला म्हणाला होतात, "माज्या घोरन्यापायी पोरीला बोल नको."

सासरचं कुणीही काही म्हणालं नव्हतं, आबा. तुम्ही झोपलेले बघून सासऱ्यांनी तर तुमच्यासाठी उशी आणायला सांगितलं होतं. लाज मलाच वाटली होती.