बोटीवरची बाजरीची भाकरी

गोव्याहून

हर्षाली,

घरातल्या थोरांना नमस्कार, आणि तुला काय ते तू समजून घे. मोबाईल समुद्रात पडला, म्हणून हे पत्र. मी पडलो न्हाई, काळजी करू नको.

नोकरी झकास हाय. बोट शिडाची, पण वारा पडला की चालवायला छोटं डिझेल इंजिन हाय. परवा मी त्यात आपल्या विहिरीवरच्या इंजिनासारखं सढळ हातानं ऑईल ओतलं. आपलं म्हातारं इंजिन ऑईल पितं, या नव्याला ते सोसलं न्हाई. जादाचं ऑईलच जाळत असं सुसाट सुटलं, की डिझेल बंद केलं तरी थांबेना. सगळी बोट थरथरायला लागली. मालक तर देवाचा धावाच करायला लागले.

मग आठवलं, असं झालं की आबा इंजिनाच्या हवेच्या तोंडावर ओलं पोतं दाबायचे. इथं पोतं कुठलं? येताना तू बांधून दिलेली भाकरी व्हती, पार कडक झालेली. तीच दोन्ही हातांनी दाबून धरली. हवा तुटली आणि इंजिन गप! भाकरीला तडासुद्धा गेला न्हाई.

आईचे गुडघे कसे हायत? आबांना ऑईलचं सांगू नको. लेण्याद्रीला गेलीस तर गणपतीला सांग, मी पोहायला शिकतोय.

मालकांनी ती भाकरी इंजिनाशेजारी खिळ्याला टांगलीय. आता पाठवशील तेव्हा मला खायला मऊ भाकरी पाठव. आणि एक तुझी नेहमीची, इंजिनासाठी.

तुझाच,
भरत