दाराचा मालक

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे एक अंग कमी समजावं). तुझी कंबर, बीपी आणि स्वभाव ही तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आम्ही घरात मजेत आहोत. घरात म्हणायचं कारण, माझ्या बाइंडिंगच्या खोलीत सध्या कोणालाच जाता येत नाही.

तू आला होतास तेव्हा तिच्या दाराला बोटाचं कुलूप बसवलं होतं, आठवतं ना? परवा त्यावर अंगठा ठेवला तर तांबडा दिवा. अंगठा धुतला, फुंकरीनं वाळवला, विजारीवर घासला, दिवा आपला तांबडाच. हिनं फडकं आणून काच इतकी लख्ख पुसली की तिच्यात माझं नाक दिसायला लागलं. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक कुंपणापलीकडून सूचना देत होते, म्हणून सेलही बदलले. मग त्यांनी स्वतःचंच बोट ठेवून पाहिलं (का, ते विचारू नकोस) आणि आपल्यालाही आत घेत नाही म्हणजे यंत्र चोख आहे, असा निर्वाळा देऊन गेले.

शेवटी डोक्यात उजेड पडला. माझ्या अंगठ्यावर कायम सरस वाळलेला असतो, तसा तो नोंदणीच्या दिवशीही होता. गुडघ्यापायी काम बंद ठेवलं, हात स्वच्छ झाले, आणि असा स्वच्छ माणूस त्या यंत्रानं आयुष्यात पाहिलेला नाही. पुन्हा सरस फासावा म्हटलं, तर डबा आत.

मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, नवा अंगठा घ्यायचा तर आधी मालकाचं बोट लागेल, आणि मालक म्हणजे ज्याचं बोट सगळ्यात पहिलं घेतलं तो. आता थोरल्याचा मान म्हणून पहिल्यांदा कोणाला पुढे केलं होतं? तूही नको नको म्हणत मोठ्या ऐटीत बोट टेकवलंस. थोडक्यात, खोली तुझी, मी तिथला पाहुणा.

त्या संध्याकाळी पत्त्यांवरून जे झालं त्याबद्दल मला काही बोलायचं नाही (हुकमाचं पान तूच लपवलं होतंस). तू बॅग उचलून निघालास, त्यानंतर तुझा फोन नाही आणि माझाही नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. गिऱ्हाइकांची पुस्तकं आत अडकली आहेत, तेव्हा रविवारी येऊन बोट टेकव आणि हवं तर लगेच परत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. लगेच जाऊ नकोस. मेकॅनिक म्हणतो, मालकाचं बोट तीन-चार दिवस रोज ठेवावं लागतं.

आणखी एक ता. क. (हे अक्षर माझं, तुमच्या भावजयीचं). भाऊजी, नमस्कार. हे आत्ता त्याच खोलीत बसून पुस्तकं शिवतायत, तेवढ्यात लिहिते. कुलूप मंगळवारीच दुरुस्त झालं, त्याला मालक वगैरे काही लागला नाही. सगळी बोटं पुसून नव्यानं घेऊ म्हणजे चटकन होईल, असं मेकॅनिक सांगत होता, पण यांनी तुमचं पुसू दिलं नाही. त्यापायी त्या बिचाऱ्याची अख्खी दुपार गेली. फोन वाजला की हे आधी धावतात आणि तुमचा नाही म्हटल्यावर माझ्यावर चिडतात. रविवारी नक्की या, आणि काही ठाऊक नसल्यासारखं दारावर बोट ठेवा.